बेडकीतला पिठाचा डबा

माहं माहेर आष्टीच्या पल्याड, डोंगराच्या अंगाचं लहानसं गाव. बाप कास्तकार, कापूस पेरे, तूर पेरे, बांधाले लागून संत्र्याची थोडी झाडं होती. मी घरात मोठी अन् सभावानं तिखट, हे आधीच सांगून ठेवते, मंजे पुढं मी कोनावर तडकली असं आलं तं तुमाले नवल वाटाले नोको. माय म्हने, ही पोट्टी सासरी नांदत नाई, पाहून घेजा, पेटी घेऊन परत येते. नाई आली मी परत. नांदली. अन् काऊन नांदली तेच सांगाले बसली आता. बसा ताई, ती बाज सावलीत सरकवून घ्या.

आमच्या घरी आत्या राहे. तिचा नवरा लवकर गेला, मंग ती भावाच्या घरी आलती. तिच्या हातात लांब रोटी होती. तुमी खाल्ली असन, पन होताना पाह्यली काय कधी? चुलीवर मडकं पालथं घालाचं, बूड वर. कनिक अशी सैल भिजवाची का हातात धरली तं बोटातून गळन, अन् मंग ती परातीत आपटाची, उचलाची, आपटाची, जवरोक तिले तार सुटत नाई तवरोक. मंग गोळा दोन्ही हातावर झुलवाचा, मनगटावरून कोपरापर्यंत, पातळ पातळ होत जाते, अन् झटकन मडक्यावर टाकाची. फाटली तं गेली. मी रडत रडत शिकली, कोपरं भाजले, हे पाहा डाग अजून हायेत. आत्या म्हने, पोरी, मडकं आपलं पाह्यजे. ते खरं हाय. नवं मडकं रोटीले धरून ठेवते, सोडत नाई, त्याले तापवून, तेलाचं फडकं फिरवून, कितीक रोट्या बिघडवून वळन लावा लागते, तवा ते हाताखाली येते. म्हनून रोटीवाली जिथं जाईन तिथं आपलं मडकं घेऊन जाते, दुसरीच्या मडक्यावर करत नाई.

लग्न झालं सेलूले. मानूस कापसाच्या जिनवाल्या शेठच्या गाडीवर ड्रायवर. नाव मी घेत नाई, तुमाले लिहाले पाह्यजेच असन तं शेजारनीले विचारा. कमी बोलनारा मानूस, ताई, काय सांगू तुमाले, मी सकाळपासून बोलून राह्यली तं संध्याकाळी हूं म्हने, अन् मले वाटे आज लय बोलले. पन आमच्या यायले एक नाद होता. रिकामी जागा पाह्यली का यायचा जीव थाऱ्यावर राहे नाई. मी नवी नवरी घरात आली तं पाह्यलं, बाजेखाली सरकनारं खोकं, दाराच्या मागं फळी, फळीच्या खाली खुंट्या, चुलीपाशी भितीत माचिस ठेवाले येवढूसा कोनाडा. सासू म्हने, याले घर नाई पाह्यजे, याले खोके पाह्यजे. मी हसो. मले ते आवडलं, खरं सांगते. आमच्या माहेरी कोनती वस्तू कधी जागेवर सापडली नाई, अन् इथं अंधारात हात घातला तं सुई सापडे.

मी सेलूच्या आजूबाजूले लग्नात रोट्या कराले जावो. मडकं घेऊन यष्टीत बसो, मांडीवर मडकं, पायात परात. कंडक्टर म्हने, बाई, हे खाली ठेव. मी म्हनो, खाली ठेवलं अन् फुटलं तं तुह्या घरी रोटी कोनती बाई करन. भांडन ठरलेलं. अन् ताई, तरी मडके फुटत. एकदा वळन लागलेलं मडकं यष्टीतून उतरताना गेलं अन् मी तिथंच रस्त्यावर बसून रडली, लोक म्हनाले, मडक्यासाठी रडते काय. त्यायले काय माहीत. यायले माहीत होतं. घरी आली तवा फुटलेल्या मडक्याचे तुकडे हातात घेऊन पाहात बसले.

मंग शेठनं नवी मोठी गाडी आनली अन् जुनी छोटी यायले देऊन टाकली. कशी दिली, काऊन दिली, ते मोठं रामायन हाय, ते सोडा. लहानशी, बसक्या बुडाची, समोर दोन टपोरे दिवे. माही नणंद म्हने ही तं बेडकी हाय, अन् तेच नाव पडलं. आमी सेलू सोडलं, तळेगावले आलो, सडकेवरचं गाव, एका गॅरेजात यायले काम लागलं, मले माहेर जवळ झालं. अन् बेडकी दारात उभी. मंग काय विचारता. यायले घर पुरे झालतं, आता गाडी सापडली.

पयले तं मागची शीट अर्धी कापली. मी बोंबलली, अहो, चांगल्या गाडीचा काऊन सत्यानाश करून राह्यले. हे म्हने, हूं. अर्ध्या शिटीवर एक मानूस बसन येवढी जागा ठेवली, अन् उरलेल्या अर्ध्यात मडक्याचं घर केलं. आधी तनसाची चुंबळ ठेवून पाह्यली, तनस दबून गेलं. चिंध्याची केली, ती सरके. मंग गॅरेजातून स्कूटरचे जुने टूब आनले, एकावर एक ठेवले अन् त्यात थोडीशी हवा भरली, जास्त नाई, बोट दाबलं तं आत जाईन येवढीच. त्या टुबाच्या भोकात मडकं बसवलं. मले म्हने, बस. मी बसली. अन् मले नाल्यातून, चाकोरीतून, गोट्यातून गाडी फिरवून आनली, माह्या पोटातलं पानी हाललं पन मडकं नाई हाललं. तवा मी कापलेल्या शिटीचं नाव काढलं नाई पुन्हा.

मंग सुरूच झालं. टपाखाली सुतळीची जाळी विनली, बाज विनतात तशी, तिच्यात पळसाच्या पत्रावळ्या. दाराले आतून बारदानाचे खिसे शिवले, स्वतः शिवले, दाभन घेऊन, एका खिशात चिमटा अन् उलथनं, दुसऱ्यात सुपारी अन् माही काजळाची डबी. संत्र्याच्या पेट्याच्या फळ्या काढून शिटीखाली सरकनारं खोकं केलं, त्याले जुन्या कपाटाचं कुलूप. समोर काचेखाली पट्टी ठोकली, तिच्यावर तेलाची बाटली अशी घट्ट बसे का गाडी उलटली असती तं बाटली तशीच राह्यली असती. लोक गंमत पाहाले येत. गॅरेजातले म्हनत, ड्रायवर, आता आंघोळीची मोरी कवा बसवतं. हे हसत अन् लोकायनं बोललेलं मनात ठेवत, काय माहीत, मोरीचंही मोजमाप घेतलं असन.

अन् पिठाचा डबा. तेच तं सांगाचं हाय. मागच्या चाकावर गाडीच्या आत पत्र्याचा उंचवटा येते ना, तिथं जागा वाया जाऊन राह्यली, हे यायच्या डोळ्यात सलत होतं. तेलाच्या डब्याचे पत्रे उलगडले अन् त्या उंचवट्याच्या मापाचा डबा केला. वर झाकन, खाली येवढंसं दार. वरून पीठ भरा, खालून काढा. आत तिरपा पत्रा बसवला, चक्कीवर दाने टाकाचं टोपलं असते तसा, मंजे पीठ घसरत घसरत दाराशी येते. कधी अडकलं तं दोन थापा माराच्या. मोठा झकास झालता. पन त्या तिरप्या पत्र्याच्या मागं, उंचवट्याच्या वाकापाशी, बोटभर फट राह्यली. थोडं पीठ तिकडं सांडे. मी म्हनो, काहो, उंदरायले जेवन ठेवता काय? हे म्हनत, बुजवतो. मंग लग्नसराई लागली अन् ती फट तशीच राह्यली.

त्या सराईत आष्टीच्या वरच्या अंगाले एका गावी लग्न होतं. नवरीचा बाप दौलतराव, चांगला कास्तकार, मानूस सरळ. त्यायनं सांगून पाठवलं का येताना आष्टीत थांबजा, नवरीच्या मायची माय तिथं सोनाराकडं आली हाय, तिले गाडीत घेऊन येजा. घेतलं आमी. बुढी लहानशी, वाळलेली, पन डोळे कसे, पाखरावानी इकडं तिकडं. मी पुढं बसली, ती मागं अर्ध्या शिटीवर, तिच्या कोपराशी पिठाचा डबा. मले म्हने, ह्यात काय हाय? म्या म्हनलं, रोटीचं पीठ हाय आजी, दौलतरावनं पाठवलेल्या गव्हाचं, कालच दळून आनलं. अस्सं, म्हने. रस्त्यात बेडकीच्या इंजिनातलं पानी आटलं, हे पान्यासाठी रिकामा डबा घेऊन नाल्यावर गेले, मी पाय मोकळे कराले उतरली, बुढी गाडीतच बसून होती. येवढंच झालं. आमाले काय माहीत मागं काय घडून राह्यलं.

गावात पोचलो. शाळेच्या भितीशी चूल मांडली, मडकं ठेवलं, डब्याच्या खालच्या दाराचं बटन फिरवून पीठ काढलं, परातीत आपटाले बसली. लग्न दुपारचं. पंगतीचं पीठ सारं त्या डब्यातलंच, तवा दुसरा घान भिजवेपर्यंत डबा जवळजवळ रिकामा झालता. माहे हात कोपरापर्यंत कनकीत, मडक्यावर रोटी, अन् तवा मांडवातून बुढी धावत आली. धावत, ताई, त्या वयात. पाठीमागं बायाचा घोळका. म्हने, माही एकदानी कुठं हाय.

मले समजेच ना. कोनती एकदानी? मंग ती सांगाले लागली, रडत रडत, का नातीसाठी गळ्यातली सोन्याच्या मण्याची एकदानी आनली, आजोळचा दागिना, तो लग्नात घालाचा. अन् ती तिनं गाडीत पिठाच्या डब्यात ठेवली, पार आत, मागं हात घालून. कमरेले बांधलं तं सुटन, पिशवीत ठेवलं तं लग्नाच्या घरी शंभर हात लागन. म्या विचारलं, घरी सोनं कुठं ठेवता आजी? म्हने, जवारीच्या कोठीत. मंग गाडीत कुठं ठेवाचं, पिठातच. अन् सांगतलं काऊन नाई कोनाले? तं म्हने, सोनं ठेवलेलं कोनी कोनाले सांगते काय. आता नवरीले सजवाची येळ झाली म्हनून ती गाडीपाशी गेली, झाकन उघडलं, हात घातला, तं नाई. पीठच नाई, एकदानी कुठून असन.

अन् मंग ताई, ते वाक्य आलं. कोन बोललं ते आठवत नाई, मागून कोनीतरी बोललं, पीठ तं या बाईनंच काढलं.

तुमी विचार करा. रोटीवाली बाई मंजे काय, दुसऱ्याच्या घरात जानारी बाई. लोक तिले कोठीची किल्ली देतात, तिच्यासमोर दागिने काढून ठेवतात, पंगतीत गडबड असते तवा लेकरू तिच्या मांडीवर टाकून जातात. एकदा चोर म्हनलं का मंग ते खोटं निघालं तरी, लोक बोलावत नाईत, बोलावलं तरी डोळा ठेवतात. आत्याचं सारं शिकवलेलं तिथंच मातीत जाऊन राह्यलं. एक बाई म्हने, झडती घ्या. दुसरीनं माह्या पिशवीत हात घातलाच, माहा कंगवा, माही दुसरी साडी, सारं धुळीत काढलं.

माहा सभाव मी आधीच सांगतला. पन मी बोलली ते हळूच बोलली, कारन मडक्यावर रोटी होती. म्या म्हनलं, ही रोटी होऊ द्या. मंग माहं लुगडं झाडून पाहा, परात पालथी करा, मले न्हानीत नेऊन पाहा, मी नाई म्हनत नाई. पन ही रोटी मी जळू देत नाई. अन् म्या ती रोटी उलथली, काढली, घडी घालून टोपल्यात ठेवली. अन् ती रोटी फाटली नाई, ते मले आजही नवल वाटते.

तवा हे गाडीपाशी उभे होते. तिथूनच म्हनाले, डबा खोलू द्या मले. लोकायनं वाट अडवली. का तं म्हने, हा ड्रायवर नवराच हाय तिचा, हा हात घालन, बाहीतून काढन अन् म्हनन सापडली. तेही खरंच हाय म्हना, त्यायच्या जागी मी असती तं मीही तेच म्हनली असती. दौलतराव मधात उभे, इकडं त्यायची सासू, तिकडं मी, मांडवात वऱ्हाडी जमून राह्यले. मानूस सरळ असला तरी त्यानं काय करावं.

मंग यायनं काय केलं, ऐका. शाळेपाशी कडुलिंब होता, त्याची एक फांदी खाली आलेली. हे गेले, दोन्ही हात वर करून ती फांदी धरली, साऱ्यायच्या डोळ्यासमोर, अन् म्हनाले, दौलतराव, तुमी खोला. मी इथून हालत नाई. मी सांगतो तसं करा.

अन् ताई, माहा मानूस बोलाले लागला. मी लग्न होऊन इतके वर्स त्यायच्या घरात, पन येवढं बोलताना म्या त्यायले कधी ऐकलं नोतं. ऊन डोक्यावर, हात वर, घाम कानावरून गळून राह्यला, अन् हे शांत आवाजात सांगून राह्यले, पेचकस ड्रायवरच्या दाराच्या खिशात हाय. आता झाकन काढा. झाकनाच्या आत डाव्या अंगाले इस्क्रू हाय, तो उलट्या आट्याचा हाय, उजवीकडं फिरवा. बस. आता तिरपा पत्रा दिसते काय? त्याले वरून इस्क्रू नाईत, रिपिटा हायेत. त्या तोडाव्या लागन. शिटीखालच्या खोक्यात छन्नी हाय, पत्र्यावर मारा, लाजू नोका, मोडू द्या. दौलतराव म्हने, अहो, येवढं चांगलं काम मोडाचं? हे म्हने, बाईचं नाव मोडून राह्यलं तिकडं, पत्रा काय घेऊन बसले.

छन्नीचा येक येक घाव मी मोजला नाई, पन ऐकला. कुर्र करून पत्रा उचकला. दौलतरावनं कोपरापर्यंत हात घातला, त्या फटीच्या मागं, चाकाच्या वाकात, जिथं उंदरायचं पीठ साठत होतं तिथं. अन् बाहेर आला तं हातात लाल फडक्याची पुरचुंडी, सारी पांढरी झालेली.

बुढीनं पुरचुंडी सोडली, एकदानी उन्हात धरली, मने मोजले, अन् तिथंच मातीत बसली. मंग उठून माह्याजवळ आली. मले वाटलं आता पाय धरते का काय, अन् मले ते नोको होतं, म्हाताऱ्या बाईनं पाय धरलेले मले चालत नाईत. तिनं माहे कनकीचे हात आपल्या हातात घेतले, दोघींचेही हात चिकटले. म्हने, माय, मी नातीच्या लग्नात तुह्या तोंडाले काळं फासाले निघालती. मी काय म्हनो? मनात तं लय होतं, मी अशी सोडनारी बाई नाई. पन पाहात होती तं ती कापून राह्यली होती, माह्यापेक्षा जास्त. म्या म्हनलं, आजी, सरका, मडकं तापून राह्यलं.

पंगत झाली, रोट्या कमी पडल्या नाईत. मंग मी शाळेच्या मागं गेली अन् पोटभर रडली. दुःखाचं नाई, ताई. छातीवर धोंडा ठेवून दिवसभर काम करावं अन् मंग कोनी तो उचलून घ्यावा, तसं मोकळं मोकळं वाटलं, अन् त्या मोकळेपनाचंच रडू येत होतं. हे मागून आले, डब्यात पानी घेऊन. दंडावर फांदीच्या सालीचे लाल वळ उठलेले. म्या म्हनलं, दुखते काय? तं म्हने, हूं. झालं, आला परत आपल्या जागेवर. निघताना बुढीनं मले पाटावर बसवलं, खन, नारळ, गहू घालून ओटी भरली, साऱ्या बायायसमोर, अन् जिनं माही पिशवी धुळीत सांडली होती तिलेच म्हने, बाईची साडी झटकून घडी घालून दे. तिनं घालून दिली. त्यानंतर त्या घरचं येकही लग्न माह्या रोटीबिगर झालं नाई, अन् बुढी होती तवरोक दर लग्नात ती गोष्ट स्वतःच सांगे, माहं चुकलं कसं अन् बाई खरी कशी, मंजे मलेच कानकोंडं होये.

यायनं डबा पुन्हा केला. फट बुजवली, रांगोळीचा दाना जानार नाई अशी. पन मले वाटते त्या मोडलेल्या पत्र्याचं यायले वाईट वाटलं नाई, उलट नवा कराले कारन भेटलं.

आता बेडकी थकली. तिकडं गोठ्यापाशी उभी हाय, चाकं काढली, कोंबडी बारदानाच्या खिशात अंडे घालते. मडके अजून टुबावरच ठेवतो, घरात. लग्नात रोट्या कराले आमी दोघं अजून जातो, आता जीपवाला नेते, त्याच्याही गाडीत यायनं येक जाळी विनून दिली, त्यानं मांगतलीही नोती. लेक नांदून राह्यली, नातू चालाले लागला, हात पाय चालतात. मले काही कमी नाई, ताई, तुमच्याकडं गाऱ्हानं घालाले काही उरलं नाई.

येक सांगू? हसू नोका. माहं डोरलं अन् आत्याची येक मुदी हाय, ते मी कुठं ठेवते, तं तुरीच्या दाळीच्या डब्यात. येवढं होऊनही. दुसरी जागा माह्या मनाले सुरक्षित वाटतच नाई, काय करता. पन यायनं त्या पुरचुंडीले लांब लाल दोरा बांधला अन् दोऱ्याचं टोक झाकनाच्या आत खिळ्याले गुंडाळलं, मंजे दाळीत कुठंही गेली तरी दोरा ओढला का येते. अन् मी यायले सांगून ठेवलं हाय कोनता डबा. घरात दोघायले माहीत हाय. तुमी जेवून जाजा, रोट्या टाकते, येळ लागत नाई. अन् तुमच्या घरी सोनं कुठं ठेवता ते मले सांगू नोका, मी विचारनार नाई. पन घरातल्या येकाले तरी सांगून ठेवजा, माय.